सहा महिन्यांची मुदत कुणी घातली?

अण्णांना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा उजवा हात-पाय गेला आणि वाचाही गेली. हाता-पायासाठी फिजिओथेरपिस्ट दवाखान्यातच येऊ लागले. वाचेबद्दल मात्र एवढंच ऐकवलं गेलं, "सहा महिन्यांत काय यायचं ते येईल, पुढे आशा धरू नका." या वाक्याचा मला अजून राग आहे. ते ऐकून कितीतरी घरं प्रयत्नच सोडून देतात.

अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. सुरुवातीला त्यांना काही कळतही नव्हतं, बोलताही येत नव्हतं. मेंदूच्या इजेमुळे भाषा जाते त्याला अफेजिया म्हणतात. हा ग्लोबल अफेजिया, सगळ्यांत अवघड. पण पहिलं निदान कायमचं नसतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. काही आठवड्यांत समज परतू लागली. चष्मा मागितला की चष्माच हातात द्यायचे. तोंडातून मात्र एकच शब्द, "हळद". पाणी हवं, हळद. पाय दुखतोय, हळद. मी दारात दिसले तरी हळदच! स्पीच थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, हे आता ब्रोका प्रकाराकडे सरकतंय, म्हणजे समज बरीच असते पण बोलणं अडतं. १८६१ मध्ये पॅरिसला डॉक्टर पॉल ब्रोका यांनी ज्या रुग्णावरून हे मांडलं, तोही 'टॅन' एवढंच बोलायचा.

आणि याच अण्णांना मी "बे एके बे" म्हटलं की वीसपर्यंत पाढा धडाधड यायचा. पाठ असलेलं असं शाबूत राहतं, आणि त्याचाच धागा धरून पुढे जाता येतं.

शेजारच्या कॉटवरच्या आजींचं उलटं होतं. अखंड बोलायच्या, पण अर्थ लागेना, आणि आपलं चुकतंय हे त्यांना उमगायचंही नाही. घरच्यांना वाटलं, वेड लागलं. तो वेर्निके प्रकार होता. त्यात आधी समजेवर काम करावं लागतं. नुसती नावं अडणारा अनोमिक प्रकार बहुधा चांगला सुधारतो आणि इतर प्रकारही बरे होता होता पुष्कळदा तिथवर येतात. पण प्रकारापेक्षा सुरुवातीची तीव्रता आणि मेंदूची इजा किती मोठी, यावरून जास्त अंदाज बांधता येतो.

पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वाधिक असतो, हे खरंच. म्हणून तेव्हा वेळ दवडू नये. पण पुढे दार बंद होत नाही. २०१७ मध्ये जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. झटक्याला सहा महिने उलटून गेलेल्या लोकांना तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास थेरपी दिली आणि त्यांचं रोजचं बोलणं सुधारलं.

अण्णा आता दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतात. "चहा... साखर कमी." शब्द अडला की मी तो पुरवत नाही, पहिलं अक्षर देते आणि थांबते. पाहुण्यांनाही तेच सांगते.

तुमच्या घरात कुणाची वाचा गेली असेल, तर डिस्चार्जच्या कागदावर स्पीच थेरपी लिहून घ्या. कुणी आपणहून लिहीत नाही.