गाढवाचं डोकं आणि क्रूस

आज रोममध्ये पॅलाटाइन टेकडीवरच्या म्युझियममध्ये एका चित्रापाशी अडकलो. साधारण इ.स. 200 च्या आसपास कुणीतरी भिंतीच्या गिलाव्यावर खरवडलेलं. क्रुसावर माणूस, डोकं मात्र गाढवाचं. खाली एक जण हात वर करून उभा आणि ग्रीकमध्ये वेडीवाकडी अक्षरं: अलेक्सामेनोस देवाची पूजा करतोय. चक्क टिंगल! क्रुसावरच्या येशूच्या सगळ्यात जुन्या चित्रांमध्ये याची गणना होते.

त्या टवाळालाही एकट्याला काय बोलणार? क्रूस ही गुलामांची, बंडखोरांची शिक्षा. रोमन नागरिकाच्या वाट्याला ती सहसा यायची नाही. इ.स.पू. 71 मध्ये गुलामांचा पुढारी स्पार्टाकस याचं बंड मोडल्यावर कापुआ ते रोम रस्त्याच्या कडेने 6000 जणांना टांगलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्यांना दहशत बसावी म्हणून. असं मरण आलेल्याला देव मानायचं? लोक हसणारच. येशूचा सुरुवातीचा प्रचारक संत पौल यानेही पत्रात लिहून ठेवलंय की, क्रुसावर मेलेला ख्रिस्त हा यहुदी नसलेल्यांना मूर्खपणा वाटतो. पण ख्रिस्ती श्रद्धेचा गाभाच तो: देवाने आपल्यासाठी सगळ्यात लाजिरवाणं मरण पत्करलं.

संध्याकाळी सांता सबिना चर्च. पाचव्या शतकातलं लाकडी दार, त्यावर येशू आणि त्याच्यासोबत क्रुसावर चढवलेले दोन चोर, हात पसरलेले, पण क्रूस जेमतेम दिसतात. तोवर ही शिक्षा बंद झाली होती, तरी कोरणाऱ्याचा हात कचरला असावा, असा आपला माझा अंदाज.

बाहेर जवळच एका बंद दाराच्या कुलपाच्या प्रसिद्ध भोकातून सेंट पीटर चर्चचा घुमट बघायला ही रांग! तुम्ही गेलात तर आधी सांता सबिनाचं दार बघा. डावीकडे अगदी वर, छोटीशी चौकट आहे.