यादीत असलेली, भांडारात नसलेली गोळी

हार्ट अटॅकच्या पेशंटला आमच्या सरकारी रुग्णालयातून घरी जाताना कोलेस्टेरॉलची पुरेशा ताकदीची गोळी फुकट मिळावी, एवढंच करायचं होतं. कोणती, यावर वाद झालाच नाही. अॅटोर्वास्टॅटिन ४० किंवा ८० मिलिग्रॅम. राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे, एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, जवळपास निम्मं करते, किडनी अधू असली तरी डोस बदलत नाही. याच स्टॅटिन गटातल्या रोसुव्हास्टॅटिनला मात्र क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी किती काम करते याचं माप) ३०च्या खाली गेला की १० मिलिग्रॅमची मर्यादा.

गाडी अडली मागणीपत्रात, 'मागील वर्षाचा खप' या रकान्यापाशी. भांडारात फक्त १०ची गोळी. ४० नाही म्हणून डॉक्टर केसपेपरवर 'बाहेरून घ्या' लिहिणार. बाहेरच्या खरेदीची नोंद भांडारात नाही, म्हणून खप शून्य. खप शून्य, म्हणून पुढच्या वर्षीची मागणीही शून्य. यात खोटं कुणीच बोलत नाही, हाच खरा वैताग! वर सल्ला मिळतो, 'मग १०च्या चार द्या.' महिन्याला १२० गोळ्या होतात, पेशंट एकच खातो, आणि १०चा साठा चौपट वेगाने संपून हीच गोळी लागणाऱ्या मधुमेहाच्या ओपीडीत ओरड सुरू. '१० काय अन् ८० काय' म्हणणाऱ्यांसमोर २००५ची टीएनटी चाचणी ठेवा: हृदयविकाराच्या स्थिर रुग्णांत ८०वाल्यांना झटके आणि पक्षाघात १०वाल्यांपेक्षा कमी आले.

सुटलं ते दोन कागदांनी. एक, औषध खिडकीवर 'नाही' रजिस्टर: तारीख, केसपेपर नंबर, औषध, ताकद, किती गोळ्या. हाच खपाचा पुरावा. दुसरा, पेशंटवरून काढलेली मागणी, आणि इथे हिशेब हमखास चुकतो. महिन्याला ४० नवे पेशंट धरले की लोक ४० × ३० × १२ = १४,४०० लिहून मोकळे होतात. पण गोळी कायमची आहे; पहिल्या महिन्याचे ४० जण बाराव्या महिन्यातही येणार. पहिल्या महिन्यात ४० जण, दुसऱ्यात ८०, असं वाढत १ + २ + … + १२ = ७८; आकडा ४० × ३० × ७८, म्हणजे ९३,६००. गळती धरून कमी करा हवं तर, पण १४,४००वर पाचव्या महिन्यातच खडखडाट होतो.

स्टॅटिन आणि रक्ताची गुठळी रोखणारी अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल एकत्र असलेली कॅप्सूल लिहू नका. क्लोपिडोग्रेल थांबवायची वेळ आली की कॅप्सूलच बंद होते आणि स्टॅटिनही जाते. ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) ५००च्या आत असेल तर ती उतरवणारी फेनोफायब्रेट सरसकट नको, पैसे वाया. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेपर्यंत अॅटोर्वास्टॅटिन २०च्या वर नको, आणि कोर्स संपल्यावर डोस परत वाढवायची नोंद त्याच कागदावर करा.

लिपिड (रक्तातल्या चरबीची) तपासणी दाखल झाल्यापासून २४ तासांत. नंतर एलडीएल फसवं खाली येतं. रिपोर्टसाठी गोळी अडवू नका. पुन्हा तपासणी ४ ते १२ आठवड्यांनी, उपाशी राहायची गरज नाही. पूर्ण डोस घेऊनही एलडीएल ५५च्या वर राहिलं तर एझेटिमाइब १० ही कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी जोडा. त्याआधी गोळ्यांची रिकामी पाकिटं मागून बघा.