चहा नको, सरबत चालेल

नागोयात २०२३ मध्ये राहायला गेलो तेव्हा पहिल्या दोन महिन्यांत आमची बेल वाजवणारी माणसं म्हणजे कुरिअरवाला, खालच्या मजल्यावरची आजी (मी कचरा चुकीच्या दिवशी ठेवला म्हणून, तीन वेळा) आणि दोघं सायकलवाले, अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती चर्चचे मिशनरी, म्हणजे धर्मप्रचारक. पांढरा शर्ट, टाय, डोक्यावर हेल्मेट, खिशाला काळी पाटी. एक उंच, एक बुटका, दोघंही आपल्याकडे बारावीला असतील अशा तोंडाचे.

मी दार उघडलं आणि म्हटलं, चहा घेणार का? दारात माणूस आलं की आपल्या तोंडातून दुसरं काय निघणार. ते एकमेकांकडे बघायला लागले. मला तेव्हा काय माहीत, यांना चहा-कॉफी दोन्ही बंद, ग्रीन टीसुद्धा बंद, आणि जपानसारख्या देशात हे म्हणजे ज्यांच्या घरी जायचं तिथे पहिला नकार यांनीच द्यायचा. मग लिंबाचं सरबत केलं. आत या म्हटलं तर आत येईनात, कारण नवरा ऑफिसात, घरात बाई एकटी, अशा घरात शिरायचं नाही हा त्यांचा नियम. शेवटी बाहेर गॅलरीत उभ्याउभ्या प्यायले आणि ग्लास दोन्ही हातांनी परत दिले, ते मात्र अगदी जपानी पद्धतीनं.

पाटीवर जपानीत लिहिलं होतं 'चोरो'. मराठी कानाला कसं लागतं ते सांगायला नको. अर्थ आहे ज्येष्ठ, वडीलधारा, इंग्रजीत एल्डर. एकोणीस वर्षांचा वडीलधारा! खालच्या आजीला याचं कायम हसू यायचं.

लोक यांना मॉर्मन म्हणतात पण २०१८ पासून चर्चनेच सांगितलंय की हा शब्द वापरू नका, पूर्ण नाव घ्या, आणि पूर्ण नाव इतकं लांब आहे की दारावर ते सांगून होईपर्यंत समोरचा दार लावून मोकळा. उंचानंच हे हसत सांगितलं होतं. नकाराचे प्रकारही त्याला पाठ. इंटरकॉमवरून 'केक्को देस' म्हणजे नको, आणि 'चोत्तो...' म्हणून वाक्य तसंच लोंबकळत ठेवलं तर तेही नकोच, फक्त ते समजायला त्याला दोन महिने लागले म्हणे.

स्पष्ट सांगते, दारोदार जाऊन धर्म सांगणं मला पटत नाही, आजही नाही. पहिल्या रविवारी नवरा घरी असताना आले तेव्हा त्यानं सरळच सांगून टाकलं की आमचं आमचं बरं चाललंय, आम्हाला काही बदलायचं नाही. उंच म्हणाला ओके, मग पॅसेजमधला तो फ्रिज आत सरकवायचाय का? सरकवला. नंतर विषय निघायचा अधूनमधून, नाही असं नाही, पण आम्ही नाही म्हटलं की तिथेच थांबायचा.

हा मुलगा आयडाहोचा, म्हणजे अमेरिकेतलं बटाट्याचं राज्य. बटाटेवडा खाऊन म्हणाला, आमच्याकडे एवढे बटाटे असून हे कुणाला कसं सुचलं नाही. बटाटे काढायच्या सीझनला शेतावर कामं करून पैसे जमवलेले, कारण या मिशनरीच्या कामाला पगार वगैरे काही नसतो, उलट आपणच महिन्याला ५०० डॉलर भरायचे, असे २४ महिने. (मुलींना १८ महिने.) अमेरिकेत प्रोव्हो गावी नऊ आठवडे जपानी शिकवून पाठवलेलं, त्यामुळे आला तेव्हा त्याला जपानीत प्रार्थना करता यायची पण दुकानात बाईनं पिशवी हवी का विचारलं तर कळायचं नाही. मला त्यावेळी जपानीत फक्त 'पिशवी नको' एवढंच यायचं. नवरा सव्वासातला जायचा, रात्री साडेनवाला यायचा, मधल्या वेळात माझं बोलणं म्हणजे दुकानातल्या त्या मुलीशी ते दोन शब्द.

म्हणून खालच्या आजीबरोबर त्यांच्या चर्चमधल्या फुकट इंग्रजीच्या क्लासला जायला लागले. इंग्रजी मला येतं, मी जायचे जपानी बायकांशी चार शब्द बोलायला. सातआठ जण, बहुतेक रिटायर्ड, आणि फळ्यापाशी हा उंच, कॉलर घामानं भिजलेली, कारण नागोयाचा ऑगस्ट म्हणजे मुंबईचा मे. तो एल आणि आर शिकवायचा आणि एक ऐंशीचे आजोबा त्याचं जपानी दुरुस्त करायचे, वहीत तारीख टाकून लिहून ठेवायचे त्याच्या चुका. शेवटची दहापंधरा मिनिटं देवाधर्माची, ज्याला जायचंय त्यानं आधी जावं. आजी थांबायची, तिथे बिस्किटं असायची. एकदा हा म्हणाला देव आपला पिता आहे, तर आजीनं अगदी मनापासून विचारलं, कुठला? जपान्यांच्यात ऐंशी लाख देव म्हणायची पद्धत आहे. मी म्हटलं आमच्यात तेहतीस कोटी. तो खडू हातात धरून उभा, कान लाल. आजीला त्याची दया आली असावी, तिनं बिस्किटांचा डबा पुढे केला.

अशा दिवसांत तो एका जुन्या मिशनरीची गोष्ट सांगायचा, हीबर ग्रँट. १९०१ मध्ये योकोहामाला उतरलेल्या पहिल्या तुकडीचा म्होरक्या, त्याला फारसं यश आलं नाही, पुढे तोच सगळ्या चर्चचा प्रेसिडेंट झाला आणि १९२४ ला त्यानंच जपानचं मिशन बंद करून टाकलं! परत उघडलं १९४८ ला. त्याचंच जमलं नाही तर माझं काय, असं म्हणून सरबत संपवायचा.

पण मला सगळ्यात चक्रावून टाकलं ते वेगळ्याच गोष्टीनं. हे दोघं कधीच वेगळे होत नाहीत. जोडीदाराला कंपॅनियन म्हणतात, तो वरून ठरवून देतात, दर सहा आठवड्यांनी बदलूही शकतो. एका खोलीत झोपायचं, साडेसहाला उठायचं, एकत्र अभ्यास, एकत्र सायकल, सोमवारी सुट्टी तर एकत्र कपडे धुवायला. बाथरूम सोडलं तर कायम दुसऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात. घरी फोन आठवड्यातून एकदा, तोही २०१९ पासून, आधी वर्षातून दोनदाच असायचा. एकदा दारात आले तर दोघांत नेहमीपेक्षा हातभर जास्त अंतर, बुटका चपलांच्या रॅककडे बघतोय. उंच म्हणाला, आमचं भांडण झालंय, परवापासून बोलत नाही, पण तो जिथे तिथे मला असावंच लागतं. मी दोन ग्लास दिले. दोघांनी एकाच वेळी थँक्यू म्हटलं आणि परत गप्प. खाली सायकली लावल्या होत्या त्या निघाल्या एकामागे एक, सिग्नलला शेजारी शेजारी थांबल्या.

मला त्या दिवशी त्याचा हेवा वाटला की कीव आली, खरंच सांगता येत नाही. मी दिवसाचे चौदा तास एकटी. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर ती म्हणाली, तुमच्या दोघांचं वाटून घ्यायला पाहिजे होतं.

मार्चमध्ये त्याची दोन वर्षं भरली. शेवटच्या रविवारी आला तो नव्या कंपॅनियनला घेऊन, जपानात येऊन जेमतेम आठवडा झालेला पोरगा, हेल्मेटचा वळ कपाळावर तसाच. मी वडे केले होते. विचारलं, घरी जाऊन पहिलं काय करणार? मला वाटलं आईच्या हातचं काहीतरी सांगेल. तो म्हणाला, एकटा सुपरमार्केटमध्ये जाणार, आणि कुठल्या रांगेत जायचं ते कुणालाही न विचारता ठरवणार.

नवा पोरगा त्याच्याकडे बघत राहिला. मग हळूच ताटली पुढे करून म्हणाला, अजून एक मिळेल का?