शिळा पेपर

नववीचा निकाल १ मे १९८६ ला लागला. प्रगतिपुस्तक हातात देताना बाईंनी मला थांबवून घेतलं आणि इंग्रजीच्या पुस्तकातलं एक पान समोर ठेवलं. "वाच." मी वाचलं, न अडखळता, छातीवर हात बांधून. वर्गात माझं इंग्रजी वाचन पहिल्या नंबरचं समजलं जायचं आणि तसं मलाही वाटायचं. पान संपल्यावर बाई म्हणाल्या, "छान. आता काय वाचलंस ते मराठीत सांग."

मी गप्प. धडा कशाबद्दल होता हेसुद्धा सांगता येईना. एक म्हातारा होता, कुठेतरी पाऊस होता, एवढंच.

आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून. म्हणजे पाच वर्षं झाली होती. त्या पाच वर्षांत मी एक कला कमावली होती. प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर शिसपेन्सिलीने बारीक मराठी अक्षरांत उच्चार लिहायचा आणि वाचताना वरची ओळ वाचायची. खालची इंग्रजी ओळ नुसती शोभेला. प्रश्नोत्तरं गाईडमधली पाठ. असे नववीला अठ्ठावन्न मार्क पडले होते आणि घरी त्याचे पेढे वाटायचे बाकी होते.

बाईंनी माझं पुस्तक चाळलं, पेन्सिलीची जत्रा बघितली आणि खोडरबर पुढे केला. "हे सगळं पुसायचं. दहावीत अनसीन पॅसेज येतो. त्याच्या डोक्यावर लिहायला तुला कोण बसू देणार आहे?" त्या दिवशी जांभ्याच्या त्या जुन्या वर्गात मी एकटी बसून पाऊण तास पुस्तक पुसत होते. बाहेर मुली चिंचा पाडत होत्या. रबराचा चुरा अजून बोटांना जाणवतो.

सुट्टीसाठी बाईंनी एकच काम दिलं. आमच्या वाडीत मुंबईहून निवृत्त होऊन आलेले एक आजोबा होते. गोदीत कारकून म्हणून आयुष्य गेलेलं, इंग्रजी पेपरशिवाय चहा न उतरणारे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्या काळी मोतीबिंदू पिकल्याशिवाय ऑपरेशन करत नसत, त्यामुळे आजोबा तो पिकायची वाट बघत पडवीत बसलेले असायचे. त्यांना रोज पेपर वाचून दाखवायचा, हे माझं काम. "फुकट नाही," बाई म्हणाल्या, "ते तुला शिकवतील." आजोबांनी मला काही शिकवलं असं मी म्हणणार नाही. ते फक्त ऐकायचे. पण ते ऐकणं काय होतं, ते पुढे येईल.

पेपर कसा यायचा हे आमच्या शाळेतल्या नव्या विद्यार्थ्यांना सांगायला हवं. कोकण रेल्वे यायला अजून बारा वर्षं होती. मुंबईत सकाळी निघालेला पेपर रात्रीच्या एसटीत चढायचा, सकाळी राजापूरला उतरायचा, तिथून गावच्या गाडीने आमच्या तिठ्यावर. कंडक्टर चालत्या गाडीतून तो चहाच्या टपरीवर भिरकावायचा. म्हणजे आमचा आजचा पेपर हा मुंबईचा कालचा. पावसाळ्यात अर्जुना नदीला पाणी चढलं की परवाचा, तेरवाचा. कधी तीन दिवसांचे तीन एकदम, ओलेचिंब, चुलीवरच्या मांडणीवर वाळवलेले. त्यांना धुराचा वास असायचा.

पहिल्या दिवशी मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. कुठल्यातरी करारावरची बातमी होती. आजोबा दोन मिनिटांत म्हणाले, "बाय, तू शब्द वाचतेस. वाक्य कुठे आहे?" मी पुन्हा वाचलं. "नाही गो. थांब." आणि हात वर केला. दहा-बारा वेळा तो हात वर झाला असेल. घरी येऊन मी आईला सांगितलं, उद्यापासून जाणार नाही. दुसऱ्या दिवशी बाईच आमच्या घरी आल्या. चहा घेतला, आईशी आंब्यांच्या भावाचं बोलल्या आणि जाताजाता म्हणाल्या, "आजोबांकडे रद्दीत १९ एप्रिलचा पेपर असेल. तो काढ. शेवटून दुसरं पान."

१८ एप्रिल १९८६ काय ते माझ्या वयाच्या माणसाला सांगावं लागत नाही. शारजा. पाकिस्तानला शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या, चेतन शर्माचा फुलटॉस आणि मियाँदादचा षटकार. आमच्या खळ्यात ट्रान्झिस्टरभोवती बसलेली चौदा-पंधरा माणसं एकही शब्द न बोलता उठून गेली होती. माझा मोठा भाऊ रात्री जेवला नाही. तर त्या सामन्याची इंग्रजी बातमी मी वाचायला घेतली आणि पहिल्यांदाच असं झालं की पुढच्या वाक्यात काय असणार हे मला वाचायच्या आधी माहीत होतं. 'लास्ट बॉल' आलं. आता 'फोर' येणार. आलं. अनोळखी शब्द मध्ये होतेच, पण दोन्ही बाजूंना ओळखीची माणसं बसलेली असली की मधल्या पाहुण्याचं नावगाव आपोआप कळतं, तसं ते कळत गेले. 'फुलटॉस'च्या आधी एक शब्द होता. तो मला कधीच भेटला नव्हता, पण तो चेतन शर्माबद्दल काही बरं बोलत नाही एवढं स्पष्ट होतं.

आमचा पेपर शिळा होता ही त्याची खोट, असं तोवर मला वाटायचं. पुढे उलगडलं, की तो शिळा होता म्हणूनच माझं काम झालं. सकाळी सात पाचच्या प्रादेशिक बातम्या रेडिओवर ऐकलेल्या असायच्या, शाळेतल्या मराठी पेपरात ठळक मथळे बघितलेले असायचे आणि मग दुसऱ्या दिवशी तीच बातमी इंग्रजीत हातात. गोष्ट माहीत, फक्त भाषा नवी. ताजा पेपर मिळाला असता तर गोष्टही नवी, भाषाही नवी, आणि मी पुन्हा पेन्सिल काढून डोक्यावर लिहायला बसले असते.

बाईंचे दोन नियम होते. पहिला, डिक्शनरी संपूर्ण बातमी वाचून होईपर्यंत उघडायची नाही. दुसरा, दिवसाला तीनच शब्द बघायचे. तीन म्हणजे तीन. सुरुवातीला मला हा निव्वळ छळ वाटला, कारण एका बातमीत पंचवीस शब्द अडायचे. त्यातले तीन निवडायचे कसे? तर ज्याच्यावाचून गाडं अडलंय ते तीन. आणि गाडं कुठे अडलंय हे कळायला आधी बातमी कळावी लागते! बाईंनी ही युक्ती मुद्दाम योजली होती की आमच्या गावात एकच डिक्शनरी होती आणि ती दहा जणांत फिरवायची म्हणून नियम आला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

तिसरी गोष्ट बाईंनी फळ्यावर शिकवली, जादा तासाला. मराठी घर आणि इंग्रजी घर. मराठीत क्रियापद माजघरात बसलेलं असतं. ओटी, पडवी, सगळं ओलांडून शेवटाला गेलं की भेटतं. इंग्रजीत ते दारातच भेटतं, कर्त्याच्या मागोमाग. आपण मराठी सवयीने शेवटपर्यंत त्याची वाट बघत जातो आणि तोवर ते मागे राहून गेलेलं असतं. म्हणून आधी क्रियापद शोधायचं, त्याखाली रेघ मारायची. मध्ये दोन स्वल्पविरामांत कुणी पाहुणा येऊन बसला असेल तर त्याला पेन्सिलीने कंस घालून बाजूला ठेवायचं, वाक्य वाचून झालं की मग त्याची विचारपूस. मथळ्यांचं व्याकरण तर वेगळंच. काल झालेली गोष्ट वर्तमानकाळात, आणि 'टु' दिसला की तो 'ला' नव्हे, गोष्ट अजून व्हायची आहे. पंतप्रधान 'टु व्हिजिट' म्हणजे जाणार आहेत, गेलेले नाहीत. एवढ्या एका 'टु'ने माझी अर्धी पहिली पानं सुटली.

जून उजाडला तो लॉर्ड्स घेऊन. लंडनच्या त्या मैदानावर भारत त्यापूर्वी एकदाही कसोटी जिंकलेला नव्हता. आजोबांचा जीव मात्र एकट्या वेंगसरकरमध्ये, कारण त्याचा जन्म राजापूरचा. "आपला पोर" याखेरीज दुसरं नाव ते घेत नसत. १९७९ ला १०३, १९८२ ला १५७, हे त्याचे लॉर्ड्सवरचे आकडे त्यांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पाठ. तर बातमीत वेंगसरकर 'अनबीटन' असं आलं. मी थांबले. बीट म्हणजे मारणे. आजोबांनी अर्थ विचारला तेव्हा मी सांगितलं, "त्याला कुणी मारलं नाही." 'अनबीटन' म्हणजे नाबाद, हे मला कुठे ठाऊक! आजोबा इतके हसले की ठसका लागला आणि आजी पाणी घेऊन धावत आल्या. "खरंय बाय. कुणी मारलं नाही त्याला. १२६ झाले तरी नाही." 'सिली पॉइंट' ही फलंदाजाच्या अगदी जवळची क्षेत्ररक्षणाची जागा, तिला मी मूर्ख मुद्दा केलं होतं. 'टेल'ला, म्हणजे तळाच्या फलंदाजांना, मात्र शेपूट बरोबर ओळखलं, कारण मराठी कॉमेंटरीतही शेपूटच असतं. अकरावा मनिंदर सिंग साथीला असताना डाव ३४१ वर संपला तेव्हाची ती बातमी. १० जूनला कपिलने षटकार मारून सामना संपवला. चेतन शर्माने त्याच सामन्यात पहिल्या डावात पाच बळी घेतले होते. माझ्या भावाने त्याला तेव्हा कुठे माफ केलं.

मग मेक्सिकोचा फुटबॉल वर्ल्ड कप. फुटबॉलचं आमच्याकडे कुणाला वेड नव्हतं, पण आजोबांना सगळं ऐकायचं असायचं. मॅराडोनाच्या त्या गोलाची बातमी आली. त्यात 'हँड ऑफ गॉड'. शब्द तीन, तिन्ही पाचवीतले. एकही डिक्शनरीत बघायची गरज नाही. मी आपली भक्तिभावाने वाचून पुढे गेले, देवाच्या कृपेने गोल झाला असणार. आजोबांनी हात वर केला. "कुणाचा हात?" देवाचा. "आणि चेंडूला कुणाचा लागला?" मी पुन्हा वरून वाचत आले. चौथ्या वाचनाला उमगलं, आणि मी पडवीत मोठ्याने हसले. एकट्या इंग्रजी वाक्याने, कुणी मराठीत न सांगता, मला हसवलेलं ते पहिलंच वाक्य. तोवर मी समजत होते की न येणारे शब्द ही माझी अडचण. इथे तर सगळे शब्द येत होते.

आजोबांचं ऐकणं म्हणजे हेच. अर्थ कळून वाचलं की ते डोळे मिटून बसायचे. न कळता वाचलं की हात वर. माझ्या आवाजावरून त्यांना कसं समजायचं कोण जाणे. पण समजायचं. वाचणारा जिथे श्वास चुकीच्या जागी घेतो तिथे त्याला वाक्य कळलेलं नसतं, हे मला पुढे माझ्या मुलाचं वाचन ऐकताना पटलं.

दिवाळीनंतर आजोबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, जाड भिंगांचा चष्मा आला. मी मनात म्हटलं, सुटलो. तर दुसऱ्या दिवशी निरोप, पोर का आली नाही? मी गेले, वाचू लागले. शेअर बाजाराचा एक कंटाळवाणा परिच्छेद गुपचूप गाळला. "मधलं गाळलंस," आजोबा म्हणाले. म्हणजे सकाळीच त्यांनी पेपर वाचून ठेवलेला होता. तरी मार्चपर्यंत रोज माझ्याकडून पुन्हा वाचून घेतला. मीही पुढे काही गाळलं नाही.

अकरावी सायन्सला गेल्यावर याचा खरा उपयोग झाला. मराठी शाळांतून आलेली आम्ही मुलं पहिल्या तिमाहीत फिजिक्सच्या जाडजूड इंग्रजी पुस्तकासमोर हवालदिल. माझ्यापेक्षा कितीतरी हुशार मुलं पहिल्या ओळीतल्या पहिल्या अडलेल्या शब्दापाशी थांबायची, डिक्शनरी काढायची, अर्थ वर लिहायची. आठवड्यात दोन पानं. मला शब्द सोडून पुढे जायची लाज वाटत नव्हती, एवढाच काय तो फरक. बोलायचं म्हणाल तर इंग्रजी बोलताना आजही माझी जीभ टाळूला चिकटते. अमृतमहोत्सवानिमित्त शाळेत स्पोकन इंग्लिशचा वर्ग काढायचा विचार चाललाय असं ऐकते. काढावा. पण त्या खोलीत कोपऱ्यात एक आरामखुर्ची ठेवा आणि गावातलं एखादं निवृत्त माणूस आणून बसवा, असं मी समितीला कळवलं आहे. उत्तर अजून यायचं आहे.

७ मार्च १९८७ ला अहमदाबादला गावसकरच्या दहा हजार धावा झाल्या. आमची बोर्डाची परीक्षा तोंडावर होती आणि आईने मला घराबाहेर पाऊल टाकायची बंदी केली होती. शेवटचा पेपर देऊन, केंद्राच्या गावाहून एसटीने परत येऊन, मी दप्तर घेऊनच पडवीत गेले. आजोबांनी तो अंक घडी घालून उशीखाली ठेवला होता. इतका शिळा पेपर मी कधी वाचला नव्हता. गावसकर ५८ वर पोचला, लेट कट, दहा हजार, लोक मैदानात घुसले, हे सगळं तोवर गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ झालं होतं. मी वहीत तारीख घातली आणि वाचायला सुरुवात केली. आजोबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला, डोळे मिटले.

वाचून झालं तरी हात वर झाला नव्हता. मी पेन्सिल घेऊन मागच्या ओळी चाळू लागले, तीन शब्द काढायला.

"राहू दे आज," ते म्हणाले. "परीक्षा संपली ना? परत एकदा वाच नुसतं."