तुम्ही विचारलंत म्हणून: अ‍ॅटिस पुन्हा जिवंत होतो का?

प्राचीन देवदेवतांबद्दल बोलायला गेले की हा प्रश्न हमखास येतो. फ्रिजियाचा देव अ‍ॅटिस वसंतात मरून पुन्हा उठतो ना? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: पेसिनसच्या कथेत तो उठत नाही.

पेसिनस हे फ्रिजियातलं, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं, सिबेली या मातृदेवतेचं मोठं ठाणं, आणि अ‍ॅटिस हा तिचा लाडका जोडीदार. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला ग्रीक प्रवासी पॉसेनियस तिथली कथा सांगतो. अ‍ॅग्डिस्टिस हे दैवत स्त्रीही होतं आणि पुरुषही. भ्यालेल्या देवांनी त्याचं पुरुषत्व छाटलं, त्यातून बदामाचं झाड उगवलं. सांगारियस नदीच्या लेकीनं त्याचं फळ पदरात घेतलं आणि तिला दिवस गेले. झालेलं मूल टाकून दिलं, ते एका बोकडानं सांभाळलं. तोच अ‍ॅटिस. पोर इतकं देखणं निघालं की अ‍ॅग्डिस्टिसचाच त्याच्यावर जीव जडला. घरच्यांनी मात्र त्याचं लग्न राजकन्येशी ठरवलं. मंगलगीतं चालू असताना अ‍ॅग्डिस्टिस समोर येऊन उभं राहिलं. अ‍ॅटिसला वेड लागलं आणि त्यानं स्वतःचं लिंग कापून टाकलं. सासऱ्यानंही तेच केलं.

मग अ‍ॅग्डिस्टिसला पश्चात्ताप झाला. देवांचा राजा झ्यूस याच्याकडून काय मिळालं? अ‍ॅटिसचं शरीर कधी कुजणार नाही, एवढंच. पुढे अर्नोबियस हा ख्रिस्ती लेखक याच कथेत भर घालतो: केस वाढत राहतील आणि करंगळी हलत राहील. आपलं माणूस गमावलेल्याला ही करंगळी लगेच कळेल. मला तरी सबंध पुन्हा जिवंत होण्यापेक्षा ती जास्त खरी वाटते.

मग पुन्हा जिवंत होण्याची गोष्ट आली कुठून? रोममधून. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी युद्ध चालू असताना, इसवी सनपूर्व 204 मध्ये, रोमनांनी मातेची पवित्र शिळा समारंभानं आपल्या शहरात आणली. पुढे मार्चमध्ये तिथे मोठा उत्सव होऊ लागला. 22 तारखेला पाइनचं झाड मिरवत आणत, 24 ला तिचे षंढ पुजारी, गॅली, स्वतःचं रक्त सांडत आणि 25 ला हिलारिया, म्हणजे आनंदाचा दिवस. इसवी सन 354 च्या रोमन दिनदर्शिकेत हे दिवस नोंदलेले आहेत. आनंद कशाचा, ते मात्र तिच्यात लिहिलेलं नाही. त्याच शतकातला ख्रिस्ती लेखक फर्मिकस मॅटर्नस म्हणतो की पुरलेला अ‍ॅटिस जिवंत झाला असं हे लोक मानत, आणि त्याचा अर्थ ते पेरणी-कापणीशी लावत. तो या पंथाचा कडवा विरोधक होता, तरी त्याची साक्ष मी फेकून देणार नाही. ती उशिराची आहे, इतकंच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स फ्रेझर या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञानं अ‍ॅटिसला ग्रीकांचा अडोनिस आणि इजिप्तचा ओसायरिस या देवांच्या पंगतीला बसवलं आणि मरून उठणारा देव ही त्याची ओळख पक्की झाली. मी त्याला त्या पंगतीला बसवत नाही. पेसिनसमध्ये त्याचा मृत्यू मृत्यूच राहतो, आणि त्याच्यावर प्रेम करणाऱ्याला त्याहून जास्त काही मिळत नाही.