निळ्या तारेचं टोक

कोरं करकरीत वायरिंग, वर कापडी वेणी, रंगही अगदी मूळचेच. तरीही हेडलाइट पिवळट आणि मंद. 1962 सालची ती ब्रिटिश गाडी एवढ्याच तक्रारीवर माझ्याकडे आली. मालकांनी डायनमो तपासून घेतला होता, बॅटरी बदलली होती. "वायरिंगचा प्रश्नच नाही हो, सगळं नवीन आहे," ते म्हणाले.

इंजिन चालू ठेवून मोजलं. बॅटरीवर 13.8 व्होल्ट, दिव्यापाशी 11.6. व्होल्टेज दहा टक्के उतरलं तर उजेड जवळपास तीस टक्के उतरतो. इथे तर घट त्याहून जास्त होती. एकेक जोड तपासत गेलो. स्विचकडून डिपरकडे जाणाऱ्या निळ्या तारेच्या एका टर्मिनलवरच, म्हणजे तारेच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडणीवरच, 1.6 व्होल्ट वाया जात होते. दोन्ही दिव्यांचा प्रवाह, साधारण 9 अँपिअर, याच तारेतून जातो. म्हणजे नखाएवढ्या जागेत सुमारे 14 वॅट उष्णता! बोट लावलं तर चटका बसला.

टर्मिनल कापून उघडलं. आतल्या बारीक तारांना आधी सोल्डर (वितळवून जोड देण्याचा मऊ धातू) चढवून मग त्यावर क्रिम्प, म्हणजे टर्मिनलची दाबून बसवायची पकड, दाबलेला होता. हे दिसलं की मला फार वाईट वाटतं, कारण करणाऱ्याने ते जास्तीची काळजी म्हणून केलेलं असतं. पण सोल्डर मऊ. दाबाखाली ते हळूहळू सरकतं, तापलं की आणखी. पकड सैल झाली की रोध वाढतो, रोधाने टोक तापतं, तापल्याने पकड अजून ढिली होते. क्रिम्पमध्ये नुसतं स्वच्छ तांबंच हवं, आणि ते इतकं घट्ट दाबलेलं की तारांमध्ये फट उरू नये. सोल्डर लावायचंच तर सोल्डरसाठी बनवलेल्या टर्मिनलमध्ये लावावं, तेही रोझिन म्हणजे राळेच्या फ्लक्सने (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो पदार्थ). आम्लाचा फ्लक्स तारांच्या आत शिरून तांबं खात बसतो. शिवाय सोल्डर इन्सुलेशनखाली चढू द्यायचं नाही. ते जिथे संपतं, तिथेच गाडीच्या थरथरीने तार तुटते.

आणखी एक गोष्ट दिसली: 28 बारीक तारांपैकी काही सोलतानाच कापल्या गेल्या होत्या. ब्लेड गोल फिरवून सोललं की असं होतं. त्यासाठी तारेच्या मापाची खाच असलेला स्ट्रिपरच हवा.

चमकदार तांबं लागेपर्यंत तार मागे कापली. वेणी उसवू नये म्हणून तिच्या कडेवर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी, बसवलं. टर्मिनल झाकणारा रबरी बूट आधीच ओवून घेतला, नंतर तो चढत नाही. 6 मिलिमीटर सोलून तारा त्यांच्या मूळ पिळाच्याच दिशेने हलक्या पिळल्या. टर्मिनलचे पुढचे पंख तांब्यावर, मागचे इन्सुलेशनवर. म्हणजे हिसका इन्सुलेशन झेलतं, तांबं नाही. जोरात ओढून पाहिलं, हललं नाही. त्या जोडावर आता 0.03 व्होल्ट.

मालकांना ते कापलेलं टर्मिनल दाखवलं. थोडा वेळ ते हातात धरून बघत राहिले, मग म्हणाले, "बाकीची टोकंही बघाच." ब्रेकलाइट आणि वायपरची टोकंही तशीच निघाली. वायरिंग तेच ठेवलं, टोकं मात्र सगळी नवी केली.