जुन्यांत टिकाऊ ट्रॅक्टर कुठला? विचारलंत म्हणून सांगतो

निपाणीच्या बाजारात, लग्नकार्यात, कारखान्याच्या रांगेत एकच प्रश्न: "जुन्यांत टिकाऊ कुठला? मॅसी, बी-२७५ की एचएमटी?" माझ्या दारात मॅसी १०३५ आहे म्हणून उत्तरही विचारणाराच देतो. एकदा माझं ऐका.

पूर्वी मी आकडे फेकायचो. फर्ग्युसनचा टीई-२० हा १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांवर निघाला, म्हणजे दणकटच! हा हिशेब आमच्या पहिल्या ट्रॅक्टरनं मोडला. परदेशी होता, नाव घेत नाही. ऐन तोडणीत, भरलेली ट्रॉली ओढ्याच्या चढाला असताना गिअरचे दात गेले. वडील तो गिअर फडक्यात बांधून कोल्हापूरपर्यंत फिरले. पार्ट येणंच बंद झालेलं. शेवटी बेळगावला उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, नमुन्यावरून कापून घेतला. करणाऱ्यानं जीव ओतला, पण नमुनाच झिजलेला, आणि मूळ पोलादाला पाणी कसं दिलं होतं कुणास ठाऊक. हंगाम सरायच्या आत तोही गेला. भंगारवाला आला तेव्हा वडिलांनी सेल्फ मारून दाखवला. इंजिन लगेच धडधडलं. त्यानं भाव किलोचाच सांगितला. त्याचं काही चुकलं नव्हतं, तरी मला आजही त्याचा राग येतो.

म्हणून मॅसी. मॅसी ३५ इंग्लंडात कोव्हेंट्रीला १९६४ मध्ये थांबला, पण ते घराणं टाफे या चेन्नईच्या कंपनीनं आपल्याकडे चालू ठेवलं. लायनर-पिस्टन, नोजल, क्लचप्लेट संकेश्वरात मिळतात, मिस्त्री गावातच आहे. बी-२७५ चंही तेच, महिंद्राच्या ट्रॅक्टरांची सुरुवातच त्याच्यावर झाली. मॉडेल किती निघालं यापेक्षा त्याचे पार्ट किती वर्षं मिळाले, हे बघा.

पण एचएमटीपुढे मी अडतो. झेटर या चेकोस्लोव्हाकियातल्या कंपनीच्या तंत्रावर १९७१ मध्ये हरियाणात पिंजोरला सुरू झालेला तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. तरी खानापूरकडचे माझे मामा पंचवीस अश्वशक्तीच्या एचएमटीवर अजून भाताची चिखलणी करतात. पार्ट कुठून? भंगारात निघालेल्या दुसऱ्या एचएमटींतून. "तुमचाही तसा चालला असता," असं ते म्हणतात. मला पटत नाही. आमच्या मॉडेलचे ट्रॅक्टर या भागात दोन-तीनच होते, सुटं काढायचं कशातनं? म्हणजे किती निघाले याला किंमत आहेच, आणि मी पुन्हा त्याच आकड्यांशी आलो.